धुराची उंची

जंगलाला आग लागल्याची बातमी आली की पहिला आकडा येतो तो क्षेत्रफळाचा. किती हेक्टर जळाले, किती गावे रिकामी केली, किती विमाने पाणी टाकायला गेली. धुराचा उल्लेख आलाच तर शेवटच्या ओळीत येतो. वारा होता तिकडे तो गेला, पाऊस आला आणि धुऊन निघाला, एवढ्यावर त्याची बोळवण होते. या पुस्तकाचा विषय नेमका तो धूर आहे आणि त्याच्याविषयी मला मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. धूर किती लांब जाणार हे आग किती मोठी आहे यापेक्षा तो किती उंच चढला यावर ठरते. हजार हेक्टरांच्या आगीचा धूर अर्धी पृथ्वी ओलांडू शकतो आणि लाख हेक्टरांच्या आगीचा धूर शेजारच्या खोऱ्यात बसून राहू शकतो. आगीचे मोजमाप आपण जमिनीवरून करतो. तिच्या धुराचे मोजमाप मात्र वरच्या दिशेने करावे लागते, आणि ते करायला विज्ञानाने अगदी अलीकडे सुरुवात केली आहे.

आधी उंचीने एवढा फरक का पडतो ते पाहू. आपले सारे हवामान, म्हणजे ढग, पाऊस, वादळे, वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, तपांबरात, घडते. या थरात शिरलेला धुराचा कण फार दिवस टिकत नाही. कुठल्या तरी ढगात तो थेंबाचे बीज होतो आणि पावसाबरोबर खाली येतो. नाही तर जमिनीवर, पानांवर, समुद्रावर बसतो. त्याचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर दोन-तीन आठवड्यांचे. त्याच्या वर असलेल्या स्थितांबरात चित्र पालटते. तिथे पाऊस नाही, ढग जवळपास नाहीत आणि उंचीबरोबर तापमान वाढत जात असल्यामुळे खालची हवा आणि वरची हवा सहसा मिसळत नाही. तिथवर पोचलेला कण महिनोन्‌महिने तरंगत राहतो. या दोन थरांमधल्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. ही सीमा सगळीकडे सारख्या उंचीवर नसते, आणि या विषयात त्याला फार महत्त्व आहे. विषुववृत्ताच्या आसपास ती १६ ते १८ किलोमीटरांवर असते, तर कॅनडा आणि सायबेरियाच्या जंगलांवर साधारण ९ ते १२ किलोमीटरांवर. जगातली सर्वांत मोठी सूचिपर्णी जंगले नेमकी या बुटक्या छताखाली उभी आहेत. छताच्या लगेच खाली जेट प्रवाह वाहतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर आणि कधी त्याहूनही वेगाने. तिथवर धूर पोचला की दोन-चार दिवसांत महासागर ओलांडणे हे त्याला अवघड राहत नाही.

१९५० सालचे उदाहरण घ्या. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या कॅनडाच्या दोन प्रांतांच्या उत्तर भागात जूनमध्ये लागलेली एक आग थेट हिवाळ्याच्या तोंडापर्यंत जळत राहिली. पुढे तिला चिंचागा नदीवरून नाव मिळाले. दहा लाख हेक्टरांहून अधिक जंगल तिने खाल्ले, पण रस्ते, रेल्वे आणि वस्त्यांपासून दहा मैलांच्या आतलीच आग विझवायची असा त्या वेळचा नियम होता. त्यामुळे तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. २४ सप्टेंबरच्या रविवारी ओंटारिओपासून न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियापर्यंत भर दिवसा दिवे लावावे लागले. खाली कुठे आग नव्हती. धूर डोक्यावरून वरच्या वर चालला होता. दोन दिवसांनी, २६ तारखेला, स्कॉटलंडमध्ये लोकांनी निळा सूर्य पाहिला. एडिंबरोच्या वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी त्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवला म्हणून आज आपल्याला या निळाईचे कारण सांगता येते. एरवी धुरातून सूर्य तांबडा दिसतो, कारण अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तांबडा आपल्यापर्यंत पोचू देतात. कण जवळजवळ एकाच मापाचे आणि तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा थोडे मोठे असले तर हे उलटते. ते तांबडा प्रकाशच जास्त विखुरतात आणि निळा सरळ येतो. इतके एकसारखे कण धुरात क्वचितच असतात, म्हणून निळा सूर्य पिढ्यान्‌पिढ्यांत एखादाच दिसतो. ज्या आगीची दखल तिच्याच देशाने घेतली नव्हती तिची नोंद अटलांटिकच्या पलीकडे वर्णपटावर झाली.

आता प्रश्न असा की धूर एवढा उंच जातो कसा? गरम हवा वर जाते, हे उत्तर पुरेसे नाही. आगीवरची गरम हवा वर जाताना आजूबाजूची थंड हवा आत ओढत राहते, प्रसरण पावते, निवते, आणि बहुतेक आगींचा धूर दोन ते पाच किलोमीटरांच्या आतच दम सोडतो. त्याच्या पुढे जायला पाणी लागते. मधल्या थरात पुरेशी वाफ असेल आणि हवा अस्थिर असेल तर वर चढणाऱ्या धुरात ती वाफ थेंबांच्या रूपाने बाहेर पडते, आणि वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते ती धुराला नवे बळ देते. आगीच्या माथ्यावर मग खराखुरा गडगडाटी ढग उभा राहतो. शास्त्रज्ञ त्याला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात, आपण अग्निमेघ म्हणू. हा ढग आतून पाहण्यासारखा आहे. साध्या पावसाळी ढगात थेंबांची बीजे मोजकी असतात, त्यामुळे थेंब मोठे होतात आणि खाली पडतात. अग्निमेघात बीजांचा सुकाळ. धुराचा प्रत्येक कण थोडे थोडे पाणी धरून बसतो, कोट्यवधी थेंब होतात आणि एकही पडण्याइतका जड होत नाही. उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळे बारीक थेंब गोठतात, गोठताना पुन्हा उष्णता सोडतात, आणि ढग आणखी वर जातो. ज्या पावसाने धूर धुऊन निघायचा तो पाऊसच हा ढग पडू देत नाही. उपग्रहाच्या चित्रात त्याचा माथा इतर ढगांसारखा पांढराशुभ्र दिसत नाही, मळकट तपकिरी दिसतो. त्यातून विजा पडतात, पाणी मात्र जवळजवळ पडत नाही, आणि त्या विजांनी नव्या आगी लागतात. २०२१ च्या जूनअखेर कॅनडातल्या लिटन गावात तापमान ४९.६ अंशांवर गेले, दुसऱ्याच दिवशी ते गाव जळाले, आणि त्याच सुमारास पश्चिम कॅनडात एका रात्रीच्या आत लाखो विजा नोंदल्या गेल्या. त्यांतला मोठा वाटा अशा ढगांचा होता.

नुसती उष्णता पुरत नाही याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १९९१ साली मिळाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची नोव्हेंबरात विझली. आधीच्या दशकात वातावरणशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन आणि जॉन बर्क्स यांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अणुयुद्धातल्या आगींची काजळी वर जाऊन सूर्य झाकेल अशी मांडणी केली होती. कुवेतचा धूर त्याच वाटेने जाईल आणि दक्षिण आशियातल्या शेतीवर त्याचा परिणाम होईल अशी भीती सेगन यांनी व्यक्त केली. तसे झाले नाही. रोज लाखो पिंपे तेल जळत असताना धूर बहुतांशी सहा किलोमीटरांच्या खालीच राहिला. वाळवंटाची कोरडी, स्थिर हवा त्याला वर चढू देत नव्हती. त्याच वर्षी १९ जूनला कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, बे-कोमोजवळ, जंगलाला आग लागली होती. कुवेतच्या मानाने ती काहीच नव्हती. तिचा धूर स्थितांबरात गेला. विशेष म्हणजे हे तेव्हा कोणालाच कळले नाही. चार दिवस आधी फिलिपिन्समध्ये पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला होता, तेव्हा उत्तरेकडे दिसलेला कणांचा थर त्याच्याच नावावर मांडला गेला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले मायकेल फ्रॉम आणि त्यांचे सहकारी यांनी जुनी उपग्रहमापने पुन्हा तपासून २०१० मध्ये हा हिशेब दुरुस्त केला. धूर स्थितांबरात जाऊ शकतो ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती, म्हणून समोर दिसत असतानाही त्याला ज्वालामुखी समजले गेले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी घटना आहे.

यानंतरच्या दोन घटनांनी शंकेला जागा ठेवली नाही. १२ ऑगस्ट २०१७ रोजी ब्रिटिश कोलंबिया आणि लगतच्या भागात काही तासांत पाच अग्निमेघ उठले. दहाएक दिवसांनी, २१ आणि २२ ऑगस्टला, जर्मनीतल्या लाइपझिगच्या लायडरने, म्हणजे लेझरने थरांची उंची मोजणाऱ्या यंत्राने, तो धूर डोक्यावर पाहिला. पिनाटुबोनंतर तिथल्या स्थितांबरात प्रकाशाचा जो कमाल ऱ्हास मोजला गेला होता त्याच्या सुमारे वीसपट ऱ्हास या थरात होता. त्याहून नवल वाटावे असे पुढे घडले. धूर सुरुवातीला १२ किलोमीटरांच्या आसपास होता; दोन महिन्यांत तो २३ किलोमीटरांवर गेला. खाली आग विझली होती, ढग विरला होता, मग त्याला वर कोण ढकलत होते? त्या धुरात सुमारे दोन टक्के काजळी होती. काळे कापड उन्हात तापते तशी ती काजळी तापते, भोवतालच्या हवेला ऊब देते, आणि हलकी झालेली हवा धुराला घेऊन वर सरकते. ज्वालामुखीच्या गंधकाच्या कणांना हे साधत नाही, ते प्रकाश परतवतात. एकदा दार ओलांडले की धूर पुढची चढण स्वतःच्या काळेपणाच्या बळावर चढतो, आणि जितका वर जातो तितका अधिक टिकतो. या खेपेचा धूर आठ महिन्यांहून अधिक काळ सापडत राहिला.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियाची. २९ डिसेंबर २०१९ ते ४ जानेवारी २०२० या आठवड्यात आग्नेय ऑस्ट्रेलियात एकामागून एक अग्निमेघ उठले आणि त्यांनी दहा लाख टनांपर्यंत धूर स्थितांबरात नेऊन सोडला. त्यातला एक लोट सुमारे हजार किलोमीटर व्यासाचा भोवरा होऊन गरगरत राहिला. तेरा आठवड्यांत या भोवऱ्याने सुमारे ६६ हजार किलोमीटर प्रवास केला, म्हणजे दीड पृथ्वीप्रदक्षिणेहून जास्त, आणि तो ३५ किलोमीटरांपर्यंत चढला. असा भोवरा धुराने तयार होतो हे आधी कोणी भाकीतही केलेले नव्हते. परिणाम केवळ प्रवासाचे नव्हते. दक्षिण गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांवर खालचे स्थितांबर महिनोन्‌महिने सुमारे एका अंशाने तापले. रसायनशास्त्रज्ञ सुसान सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले की धुराच्या सेंद्रिय कणांत हायड्रोक्लोरिक आम्ल सहज विरघळते आणि त्यामुळे एरवी निष्क्रिय असणारे क्लोरिन मोकळे होऊन ओझोनवर तुटून पडते. त्या वर्षी मध्यम अक्षांशांवरच्या ओझोनमध्ये तीन ते पाच टक्क्यांची घट या मार्गाने झाली असा त्यांचा अंदाज आहे. हे क्लोरिन आपल्याच जुन्या फ्रिजांतून आणि फवाऱ्यांच्या डब्यांतून वर गेलेले आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याचा नवा पुरवठा थांबला आणि ओझोनची जखम भरत चालली; धूर ती खपली मधूनच काढतो.

यावर पहिला आक्षेप असा की यात नवे काय आहे? १९५० चे उदाहरण मीच दिले. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भर दुपारी अंधार झाला होता, आणि ओंटारिओतल्या झाडांच्या वलयांमध्ये त्या काळच्या आगीचे व्रण सापडले आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि अग्निमेघ वर्षागणिक वाढतच चालले आहेत असे विधान मी या पुस्तकात कुठेही केलेले नाही. जगभरच्या अग्निमेघांची पद्धतशीर मोजणी गेल्या दशकभरातली; एवढ्या थोड्या वर्षांतून कल काढणे घाईचे होईल. पण जुनी असणे आणि समजलेली असणे यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप प्रमाणाचा. पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, त्याच्यापुढे दहा लाख टन धूर म्हणजे काय? आकड्यांची तुलना बरोबर आहे, पण तिच्यात दोन वेगळ्या पदार्थांना एकाच तराजूत घातले जाते. गंधकाचा थर पृथ्वीला थंड करतो आणि हळूहळू खाली बसतो. धूर भोवतालची हवा तापवतो, स्वतः वर चढतो आणि ओझोनच्या रसायनात वेगळ्या दाराने शिरतो. शिवाय पिनाटुबोसारखा उद्रेक शतकात एखाद-दुसरा होतो, तर मोठ्या अग्निमेघांची दोन वर्षे, २०१७ आणि २०१९-२०, थोड्याच अंतराने आली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो माणसांच्या बाजूने केलेला आहे. धूर मारतो तो छातीत शिरून, आणि छातीत शिरतो तो जमिनीलगतचा. मग २० किलोमीटरांवरच्या धुराची चिंता कशाला? ७ जून २०२३ ला क्युबेकच्या आगींचा धूर न्यूयॉर्कवर उतरला, आकाश नारिंगी झाले, हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला. न्यू जर्सीतल्या आणि टोरांटोतल्या मराठी घरांनीही त्या उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या. तो धूर उंच गेलेला नव्हता. किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती फिरणाऱ्या वाऱ्याने तो खालून खालून दक्षिणेला ओढून आणला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनडाचाच धूर अटलांटिक ओलांडून स्पेन-पोर्तुगालवर पोचला, पण तिथे तो बहुतांशी वरून गेला आणि लोकांना मुख्यतः धूसर आकाश व लाल सूर्यास्त दिसले. तेव्हा आरोग्याला धोका खालच्या धुराचा हे खरेच. मात्र धूर खाली राहणार की वर जाणार हे कोणी सांगायचे? वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात. अंदाज करणाऱ्या संगणकाला धुराची उंची एक-दोन किलोमीटरांनी चुकीची दिली तर तो धूर भलत्याच राज्यावर नेऊन उतरवतो, आणि दम्याच्या रुग्णांना इशारा भलत्याच गावात जातो. ज्याला जमिनीवरच्या माणसाची काळजी आहे त्यालाही सुरुवात उंचीपासूनच करावी लागते.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक साहजिक प्रश्न येईल. पंजाब-हरियाणात दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताचे खुंट जाळतात, तो धूर का नाही असा वर जात? जे कारण कुवेतला लागू होते त्याचीच ही दुसरी बाजू. शेतातला पेंढा पटकन जळून जातो, दर एकराला त्यातून सुटणारी उष्णता उभ्या सूचिपर्णी जंगलाच्या मानाने किरकोळ असते, आणि थंडीच्या सुरुवातीला जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडली जाते. धूर त्या झाकणाखालीच गंगेच्या मैदानात पसरतो. आपल्याकडचे वणवेही याच जातीचे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून विदर्भात झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग जंगलात शिरते; सह्याद्रीच्या उतारांवर वाळलेले गवत पेटते; कोकणात भाजावळ होते. या आगी जमिनीवरून सरपटतात, झाडांच्या शेंड्यांवर क्वचित चढतात, आणि आपल्या डोक्यावरचे छत कॅनडापेक्षा पाच-सहा किलोमीटरांनी उंच आहे. म्हणून मेळघाटातला धूर युरोपात जात नाही. त्याचा त्रास त्याच खोऱ्यातल्या माणसाला होतो आणि तो तितकाच खरा आहे. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे.

धुराची उंची मोजण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे लेझर. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो हा उपग्रह हिरव्या प्रकाशाचे ठोके खाली सोडत पृथ्वीभोवती फिरत होता. प्रकाश परत यायला लागलेल्या वेळेवरून थराची उंची कळे, आणि परतलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणातून कण गोल आहेत की वेडेवाकडे हे ताडता येई. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानने मिळून अर्थकेअर हा उपग्रह सोडला. त्यावरही लायडर आहे. एवढे असूनही वाद मिटत नाहीत. २०१९-२० च्या हिवाळ्यात पोलरस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात मुद्दाम अडकून वाहवत होते. त्याच्या लायडरला वर एक जाड थर दिसत राहिला. जहाजावरच्या मापनाचा अर्थ लावणाऱ्यांनी तो सायबेरियाच्या आगींचा धूर ठरवला. उपग्रहाच्या वर्णपटांवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाने जून २०१९ मध्ये कुरील बेटांवर फुटलेल्या रायकोके ज्वालामुखीच्या गंधकाकडे बोट दाखवले. या पुस्तकात दोन्ही बाजूंचा पुरावा सविस्तर दिला आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण सायबेरियात त्या उन्हाळ्यात धूर वर नेणारे मोठे अग्निमेघ फारसे दिसले नव्हते आणि तापून आपोआप एवढा वर चढायला त्याला आधी एक धक्का हवा होता. उद्या पुरावा बदलला तर हा कल बदलायला हवा.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. उत्तरेकडची सगळी जंगले विझवत बसा असे कोणी म्हणू शकणार नाही. तिथल्या काही पाइन वृक्षांचे शंकू आगीच्या उष्णतेशिवाय नीट उघडतच नाहीत आणि निर्मनुष्य भागातली आग जळू देणे हे अनेकदा योग्यच धोरण असते. पण कोणती आग कधी जळू द्यायची हे ठरवताना धूर कुठवर चढेल हा विचार त्यात असायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यातल्या संशोधकांनी त्यासाठी एक हिशेब बसवला आहे. त्या दिवशीची हवा, तिच्यातला ओलावा आणि वाऱ्याचा जोर पाहता अग्निमेघ उठायला आगीतून किती गिगावॉट उष्णता सुटावी लागेल, एवढेच तो सांगतो. सकाळी हा उंबरठा एवढा वर असतो की कुठलीही आग तो गाठू शकत नाही. दुपारी शीत आघाडी जवळ येते, वरच्या थरात ओलावा सरकतो, आणि तीन-चार तासांत उंबरठा इतका खाली येतो की सकाळपासून तेवढ्याच ताकदीने जळणारी आग तो ओलांडते. आग विझवणाऱ्या तुकड्यांनी डोंगरकड्यावरून केव्हा खाली उतरायचे, हे आता तिथले हवामानतज्ज्ञ या आकड्याकडे पाहून सांगू लागले आहेत.